मोग्याचं दूध

१९६१ साली पंजाबातल्या मोगा इथं नेस्ले या स्विस कंपनीचा दुधाचा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याला पुरेल एवढं दूध आसपास मिळत नव्हतं. म्हशी होत्या. बहुतेक घरांत एखादी तरी असायचीच, पण ती घरापुरती. दूध मुलाबाळांना, दही-ताक जेवणात, आणि उरलंसुरलं कढवून तूप. दूध विकणं म्हणजे पोटचं पोर विकणं, अशी समजूत पंजाबच्या खेड्यांत खोल रुजलेली होती. आपल्याकडेही देशावरच्या कित्येक घरांत ताकाचे पैसे घेणं कमीपणाचं मानत, तसंच. कंपनीच्या नोंदीप्रमाणे संकलनाच्या पहिल्या दिवशी जमलं ते ५११ किलो दूध. दूध आटवून डबाबंद करणाऱ्या कारखान्याचं एवढ्यावर भागत नाही.

परदेशी कंपनीनं एखाद्या भागाला काय दिलं, हे आपण बहुधा तिच्या देणग्यांवरून मोजतो. शाळेच्या खोल्या, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका, वर्षातून एकदा आरोग्य शिबिर. मोग्यात नेस्लेनं यातलंही बरंच केलं. खेड्यांतल्या शाळांना पिण्याच्या पाण्याची सोय करून दिली, मुलींसाठी स्वच्छतागृहं बांधली. पण मोगा बदलला तो या देणग्यांनी नाही. तो बदलला कंपनीच्या खरेदीनं, म्हणजे सकाळ-संध्याकाळ न चुकता दूध घेण्यानं आणि ते दूध वाढावं म्हणून तिनं गोठ्यापर्यंत जे हातपाय हलवले त्यानं. कंपनी आणि गाव यांच्यातलं खरं नातं या रोजच्या व्यवहारात असतं, आणि तिची परीक्षाही तिथंच घ्यायला हवी, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून या प्रकरणात मोग्याचा व्यवहार जरा तपशिलानं बघू.

आधी कंपनी तिथं आली कशी, हे. नेस्लेचा माल भारतात १९१२ पासून येत होता, पण तो बाहेर तयार झालेला. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात परकीय चलनाची चणचण भासू लागली आणि आयातीवर निर्बंध आले. डब्यातलं दूध हवं असेल तर ते इथं बनवा आणि इथल्या दुधापासून बनवा, असा सरकारचा आग्रह होता. त्या आग्रहातून १९५९ मध्ये ‘फूड स्पेशालिटीज लिमिटेड’ ही कंपनी नोंदली गेली. १९९० मध्ये तिचं नाव ‘नेस्ले इंडिया’ झालं.

या आग्रहामागचा एक प्रसंग आणंदचा अमूल दूधसंघ उभारणाऱ्या वर्गीस कुरियन यांनी आपल्या आत्मकथनात सांगितला आहे. १९५६ च्या सुमारास ते नेस्लेच्या मुख्यालयात, स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावी, सरकारच्या सांगण्यावरून बोलणी करायला गेले होते. कंडेन्स्ड मिल्क भारतातच, भारतीय तंत्रज्ञांच्या हातून आणि म्हशीच्या दुधापासून बनवावं, असा त्यांचा मुद्दा होता. हे नाजूक काम तिथल्या लोकांवर सोपवता येणार नाही, अशा अर्थाचं उत्तर मिळाल्यावर ते बैठक सोडून निघाले. पुढं अमूलनं स्वतःचं कंडेन्स्ड मिल्क बाजारात आणलं. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही ही पाश्चात्य तज्ज्ञांची समजूत तर अमूलचेच तंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी आणंदला त्याआधीच खोटी पाडली होती. ही बाजू कुरियन यांची आहे, हे लक्षात ठेवूनही तिचं महत्त्व कमी होत नाही. मोग्यात शेतकऱ्यांकडून दूध घेणं हा कंपनीचा उत्स्फूर्त उदारपणा नव्हता. त्यामागं एका नव्या देशाच्या सरकारची अट होती. परदेशी कंपनी स्थानिकांसाठी काही चांगलं करते तेव्हा ती अट कुणी घातली, हे शोधलं तर पुष्कळदा सरकार, संघटना किंवा न्यायालय सापडतं.

अट मान्य केल्यावर मात्र कंपनीनं काम मन लावून केलं. त्याला कारणही होतं. दुधाच्या कारखान्याभोवती दुधाचा जिल्हा उभा करायची तिची जुनी पद्धत होती. स्वित्झर्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातच ती बसली होती. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातल्या अरारास इथं १९२१ मध्ये आणि मेक्सिकोतल्या ओकोत्लान इथं १९३५ मध्ये तिनं कारखाने काढले, तेही दुधाच्या उगमापाशी. मोगा हा त्याच साखळीतला पुढचा दुवा.

दूध हा माल थांबत नाही. पंजाबच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. कासेतून निघालेलं दूध अडतीस-एकोणचाळीस अंशांचं असतं आणि त्यातले जिवाणू अनुकूल तापमानात वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात. दुपारपर्यंत ते नासतं. ते चार अंशांपर्यंत थंड करायचं तर गावापासून तासा-दोन तासांत शीतकरण केंद्र हवं, केंद्राला वीज हवी, केंद्रापर्यंत रस्ता हवा. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मोग्याच्या बहुतेक खेड्यांत यातलं काहीच नव्हतं. म्हणून गावोगाव संकलन केंद्रं, ठरलेल्या वेळी फिरणाऱ्या गाड्या आणि काही गावांमागे एक शीतकरण केंद्र, अशी साखळी कंपनीला स्वतः बांधावी लागली.

त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वैशिष्ट्य म्हणजे वेळ. गाडी ठरल्या वेळी येणार आणि आणलेलं दूध घेणार, हा भरवसा बसला की शेतकरी दुसरी म्हैस बांधायचा विचार करतो. भरवसा नसेल तर तो कितीही व्याख्यानं ऐकून दुसरी म्हैस बांधत नाही. आपल्याकडे सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या कुठल्याही गावात डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट भावाची. त्याआधी पंजाबच्या खेड्यांत दूध गोळा करायचा तो दोधी. घरच्यांना अडचण असली की तो उचल द्यायचा आणि त्या उचलीपोटी दूध आपल्यालाच घालायला लावायचा. भाव त्याचा, माप त्याचं. दुधाचा भाव नुसत्या मापावर ठरवला तर पाणी घालणाऱ्याचा फायदा होतो आणि सचोटीनं दूध घालणारा बुडतो. भाव फॅटवर आणि स्निग्धेतर घनपदार्थांवर, म्हणजे एसएनएफवर ठरवला की पाण्याचे पैसे मिळत नाहीत. म्हशीच्या दुधात फॅट साधारण सहा-सात टक्के, गाईच्या दुधात साडेतीन-चार, त्यामुळं म्हैस पाळणाऱ्याला त्याचं मोल मिळतं.

पण मग सगळा प्रश्न येतो मोजणाऱ्याच्या हातात. बरीच दशकं ही मोजणी गर्बर पद्धतीनं होत असे. बारीक मानेच्या काचेच्या नळीत १० मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल, त्यावर पावणेअकरा मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालायचं, बूच लावून नळी यंत्रात गरगर फिरवायची आणि मानेवरच्या खुणांवर वर आलेल्या स्निग्धांशाची उंची वाचायची. ती वाचणारी नजर अर्ध्या खुणेनं खाली घसरली तर महिन्याच्या हिशेबात घरचं तेल-मीठ जातं. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं आली, आकडा पडद्यावर दिसतो, तरी यंत्र कुणी कधी तपासून घेतलं हा प्रश्न उरतोच. फॅट कमी लागली, हे वाक्य महाराष्ट्रातल्या डेअरीच्या दारात जितक्या वेळा ऐकू येतं तितक्या वेळा दुसरं कुठलंच येत नसेल. शेतकऱ्यासमोर तपासणी, हातात पावती आणि ठरल्या दिवशी पैसे एवढ्या तीन गोष्टी पाळणारी कंपनी तिथल्या लोकांना जे देते, ते कुठल्याही देणगीच्या फलकावर लिहिता येत नाही.

तिसरी गोष्ट गोठ्यातली, आणि मोग्याच्या कहाणीतला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. हार्वर्डचे मायकेल पोर्टर आणि त्यांचे सहकारी मार्क क्रेमर यांनी २००६ मध्ये लिहिलेल्या एका गाजलेल्या लेखात मोग्याचं उदाहरण आहे. कंपनी आली तेव्हा जन्मलेल्या वासरा-रेडकांपैकी ६० टक्के मरत असत, असं त्यात म्हटलं आहे. आकडा वाचून थांबायला होतं. दहातली सहा!

ज्यानं म्हैस पाळली आहे त्याला यातलं नुकसान लगेच कळतं. म्हैस रेडकाच्या ओढीनं पान्हा सोडते. रेडकू मेलं की ती दूध चोरते, लाथ मारते, लवकर आटते. म्हणजे एक रेडकू मेलं की पुढची म्हैस तर गेलीच, पण आत्ताचं वेतही अर्धं वाया गेलं. आणि या मृत्यूंची बरीचशी कारणं साधी असतात. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत रेडकाला त्याच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा चीक मिळायला हवा. रोगाशी लढणारी प्रथिनं त्याला आईच्या पोटात मिळत नाहीत, ती चिकातूनच येतात, आणि आतड्यातून ती रक्तात शिरण्याची सोय एका दिवसात बंद होते. खरवसाच्या मोहापायी किंवा जार पडेपर्यंत पाजू नये या समजुतीपायी ते तास वाया जातात. नाळेच्या टोकाला आयोडीन न लावल्यानं जंतुसंसर्ग होतो. म्हशीच्या रेडकांत गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यावरचं औषध पहिल्या दोन-तीन आठवड्यांत द्यायला हवं. यातलं एकही काम महागडं नाही. त्यासाठी सांगणारा माणूस गोठ्यापर्यंत यायला हवा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायला हवा.

नेस्लेनं पशुवैद्य, चारा आणि पशुआहारातले जाणकार, शेतीतज्ज्ञ गावोगाव पाठवले. आजारी जनावरांवर उपचार, औषधं, कृत्रिम रेतन, सुधारित चाऱ्याचं बियाणं, विहिरी आणि कूपनलिकांसाठी पैसा व तांत्रिक मदत. पाण्यानं चारा पिकला, चाऱ्यानं दूध वाढलं, आणि त्याच पाण्यावर गहू-भातही आला. त्या लेखाप्रमाणे रेडकांचे मृत्यू तीन चतुर्थांशांनी घटले, दूध ५० पट झालं, आणि सुरुवातीच्या १८० शेतकऱ्यांच्या जागी ७५ हजार शेतकरी कंपनीला दूध घालू लागले, साडेसहाशे गावांतल्या केंद्रांवर, दिवसातून दोनदा.

जनावरांचं बहुतेक काम बायकांच्या हातून होतं: शेण काढणं, चारा कापणं, धार काढणं, रेडकाला पाजणं. कंपनीनं पुढं खास बायकांसाठी प्रशिक्षण सुरू केलं, त्यात स्वच्छ दूध काढण्यापासून जनावरांच्या आजारांपर्यंत सगळं असे. ज्यांच्या हातात काम त्यांच्याशीच बोलायचं, ही गोष्ट किती उशिरा सुचते याचं मला दुःख होतं. आपल्याकडच्या सरकारी योजनांतही ती उशिराच सुचली.

आता या आकड्यांकडे जरा सावधपणे बघायला हवं. पहिली बाब म्हणजे पोर्टर आणि क्रेमर यांनी मिळून स्थापन केलेली सल्लागार संस्था त्याच सुमारास नेस्लेसाठीही काम करत होती. त्यामुळं लेख खोटा ठरत नाही, पण तो तिऱ्हाइताचा अहवाल राहत नाही. दुसरी बाब त्याहून मोठी. १९६१ नंतरच्या पंजाबात फक्त नेस्ले आली नव्हती. १९६२ मध्ये लुधियानाचं कृषी विद्यापीठ सुरू झालं. १९६३ मध्ये भाक्रा धरण राष्ट्राला अर्पण झालं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात बुटक्या गव्हाच्या जाती आल्या आणि पंजाबचं शेत पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त पिकू लागलं. सत्तरच्या दशकात राज्यातल्या गावोगाव वीज पोचली. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ ही देशव्यापी दूधयोजना सुरू झाली, १९७३ मध्ये पंजाबचा सहकारी दूध महासंघ आला आणि ‘वेरका’ हे नाव घराघरांत गेलं. एवढं सगळं आजूबाजूला घडत असताना मोग्याच्या समृद्धीचं श्रेय एका कारखान्याला देणं अन्यायाचं होईल. कंपनीनं बियाणं दिलं असेल, पण धरण आणि वीज सरकारची होती, आणि गव्हाच्या हमीभावानं शेतकऱ्याच्या हातात पहिला पैसा आला होता.

हे म्हणताना एक गोष्ट मान्य करायला हवी, की या सगळ्या सोयी पंजाबच्या इतर तालुक्यांतही होत्या आणि रोजची खात्रीची खरेदी मात्र सगळीकडे नव्हती. हिंदुस्थान लिव्हर या मुंबईत मुख्यालय असलेल्या, पण मालकी परदेशी असलेल्या कंपनीला उत्तर प्रदेशातल्या एटा इथं याच गोष्टीचा धडा मिळाला. तिथली तिची डेअरी पुरेशा दुधाअभावी तोट्यात चालत होती. १९७६ मध्ये कंपनीनं आसपासच्या गावांत ग्रामविकासाचं काम हाती घेतलं: जनावरांची काळजी, खारावलेल्या जमिनींची सुधारणा, कर्जाची सोय. दूध वाढलं, डेअरी सावरली. त्यानंतर कंपनीचे नवे प्रशिक्षणार्थी अधिकारी काही आठवडे एटाच्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या घरी राहून यायचे, हा पायंडा अनेक वर्षं चालला. मोगा आणि एटा दोन्ही ठिकाणी कंपनीची गरज आणि गावाची गरज एकाच जागी मिळाली, म्हणून काम टिकलं. जिथं गरज मिळत नाही तिथलं समाजकार्य मंदीच्या पहिल्या वर्षी बंद पडतं.

मग मोगा आणि आणंद यांत फरक काय? दोन्हीकडे दिवसातून दोनदा संकलन, दोन्हीकडे फॅटवर भाव, दोन्हीकडे पशुवैद्य. फरक मालकीचा. आणंद तेव्हा ज्या जिल्ह्यात होतं त्या खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी १९४६ मध्ये पंधरा दिवस दूध घालणं बंद केलं. मुंबईला दूध पुरवणाऱ्या पोल्सन डेअरीची मक्तेदारी त्यांनी मोडली आणि त्रिभुवनदास पटेलांच्या नेतृत्वाखाली स्वतःचा संघ काढला, तोच अमूल. तिथला दूध उत्पादक सभासद आहे, वर्षाअखेरीस नफ्यातला वाटा त्याला मिळतो, संचालक निवडायला त्याला मत आहे. मोग्याचा शेतकरी विक्रेता आहे. नेस्ले इंडियाचे ६२ टक्क्यांहून अधिक समभाग स्विस मूळ कंपनीकडे आहेत, उरलेले शेअर बाजारात. कारखान्यातला नफा कुठं जायचा हे ठरवताना मोग्याच्या गोठ्यात कुणी विचारायला येत नाही.

मला सहकाराची बाजू जवळची वाटते, हे लपवण्याचं कारण नाही. वारणा आणि गोकुळ या सहकारी दूधसंघांच्या पंचक्रोशीत दुधाच्या पैशावर उभी राहिलेली घरं पाहिली की ती का जवळची वाटते हे वेगळं सांगावं लागत नाही. पण सहकारी संघांतही राजकारण शिरलं, संचालकांच्या गोतावळ्यात दूध उत्पादक हरवला, हेही महाराष्ट्रानं पाहिलं आहे. मोग्याच्या शेतकऱ्याला मताधिकार नाही, पण त्याच्या गावात वेरकाचं केंद्रही आहे आणि खासगी खरेदीदारही आहेत. एकानं भाव पाडला तर तो दुसऱ्या दारात जाऊ शकतो. जिथं दुसरं दारच नाही तिथं कंपनीची मदत कितीही गोड असली तरी तिला बांधीलकी म्हणता येणार नाही.

पाण्याचा हिशेब मात्र उरतो, आणि तो कठीण आहे. ज्या कूपनलिकांनी मोगा हिरवा केला त्यांनीच जमिनीखालचं पाणी उपसलं. पंजाबात दरवर्षी मुरणाऱ्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक पाणी आज वर काढलं जातं, आणि मोगा जिल्हाही या अतिउपशात आहे. आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेनं २०१० मध्ये खास मोग्याचा अभ्यास करून दूधधंदा या जिल्ह्याला वाचवील की आणखी खोल बुडवील, असाच प्रश्न विचारला होता. उत्तर असं निघालं, की सर्वांत मोठा वाटा भाताचा आहे. भाताखालचं थोडं क्षेत्र कमी करून दुधावर भर दिला तर उपसा घटू शकतो आणि शेतकऱ्याचं उत्पन्नही टिकतं. दुधाला यातून दिलासा मिळाला असला तरी कूपनलिकेला पैसे देणाऱ्या प्रत्येकाचा त्या खड्ड्यात थोडा वाटा आहेच. तीस-चाळीस वर्षांनी काय होईल हे १९६५ मध्ये कुणाला दिसत नव्हतं, सरकारलाही नाही. आता दिसतं आहे, म्हणून आता कंपनीनं ठिबक, चाऱ्याची पिकं आणि पाण्याचं मोजमाप यांवर खर्च करणं हे उपकार ठरत नाहीत. ते जुन्या कर्जाचे हप्ते आहेत.

आणखी एक हिशेब दुधाच्या दुसऱ्या टोकाचा. मोग्याला समृद्ध करणारं दूध डब्यात जाऊन कुठं पोचतं? सत्तरच्या दशकात गरीब देशांत बाळांसाठीची दुधाची पावडर ज्या रीतीनं खपवली जात होती, तिच्याविरुद्ध जगभर संताप उसळला. १९७७ मध्ये अमेरिकेतून नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं अशा मालाच्या विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. भारतानं १९९२ मध्ये कायदा करून बाळांच्या दुधाच्या पर्यायांची जाहिरातच बंद केली आणि डब्यावर बाळाचं चित्र छापायलाही मनाई केली. तो कायदा पाळला जावा म्हणून मुंबईतल्या अकॅश या ग्राहक-आरोग्य संस्थेनं कंपनीविरुद्ध न्यायालयाचं दार ठोठावलं. एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधल्याच संस्थेनं दाखवून दिलं, की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक या नेस्लेच्या बाळांच्या आहारात दर खुराकामागे सरासरी तीन ग्रॅमच्या आसपास वरून घातलेली साखर आहे आणि स्वित्झर्लंडमधल्या तशाच मालात ती नाही. मोग्याच्या गोठ्यात रेडकाला चीक मिळावा म्हणून जिवाचा आटापिटा करणारी कंपनी माणसाच्या बाळाच्या बाबतीतही तितकीच दक्ष असायला हवी. जिथं माल बनतो तिथले लोक आपले आणि जिथं तो खपतो तिथले ग्राहक, अशी वाटणी मला मान्य होत नाही.

नेस्ले गोव्यातही आहे. फोंड्याचा कारखाना १९९५ चा, डिचोलीचा १९९७ चा. पण चॉकलेट आणि नूडल्सच्या कारखान्यांना गावाच्या शेतात वा गोठ्यात जावं लागत नाही. तिथं कंपनीचं गावाशी नातं मुख्यतः नोकरीचं, आणि नोकरीचं नातं किती पातळ असतं हे २०१५ मध्ये दिसलं. ५ जूनला देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं नेस्लेच्या मॅगी नूडल्सवर बंदी घातली आणि डिचोली, मोगा यांच्यासह पाच ठिकाणचं नूडल्सचं उत्पादन थांबलं. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं, पुरेशी बाजू न ऐकता आणि योग्य मान्यता नसलेल्या प्रयोगशाळांच्या भरवशावर ही बंदी आली, असं म्हणत ती उठवली आणि तीन प्रयोगशाळांत फेरतपासणी करायला सांगितली. नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. मधल्या महिन्यांत ज्यांचं काम यंत्र चालू असण्यावर अवलंबून होतं त्यांचा वादाशी काहीच संबंध नव्हता.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना, परदेशी मालकीच्या असल्या तरी, गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक केलं. जिथं कंपनी काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असंही त्यात आहे. हा कायदा चांगला आहे. मात्र त्याच्या नियमांत एक वाक्य आहे: कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग असलेलं काम या २ टक्क्यांत धरता येणार नाही. नियम करणाऱ्यांचा हेतू बरोबर आहे, नाही तर जाहिरातीचा खर्चही समाजकार्य म्हणून दाखवला गेला असता. पण त्यामुळं मोग्याचा पशुवैद्य, फॅट तपासणारं चोख यंत्र, ठरल्या वेळी येणारी गाडी आणि वेळेवरचे पैसे या हिशेबात कुठंच दिसत नाहीत. अहवालात दिसतात ती स्वच्छतागृहं. वार्षिक अहवाल वाचणाऱ्या पत्रकारानं आणि समभागधारकानं म्हणूनच २ टक्क्यांचं पान उलटून उरलेल्या ९८ टक्क्यांकडे जावं: दूध किती जणांकडून घेतलं, काय भावानं घेतलं, गेल्या वर्षी किती जणांनी घालणं सोडलं आणि का.

हे प्रश्न आता महाराष्ट्राच्याही दारात आहेत. जुलै २०१८ मध्ये दुधाच्या पावडरीचे भाव कोसळले, तेव्हा आपल्या शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून संकलन रोखलं. लिटरला ५ रुपयांचं अनुदान आणि २५ रुपयांचा दर सरकारला जाहीर करावा लागला. पुढच्याच वर्षी फ्रान्सच्या लॅक्टालिस समूहानं श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दूधधंदा विकत घेतला. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हजारो घरांचं दूध तेव्हापासून एका फ्रेंच कुटुंबाच्या मालकीच्या समूहाकडे जातं. बारामतीच्या मोठ्या डेअरी प्रकल्पातही अमेरिकी कंपनी आहे. या कंपन्या गावात शाळा रंगवतील, झाडं लावतील, ते करावंच. पण पुष्टकाळात दूध वाढलं म्हणून एखाद्या दिवशी गाडी येत नाही का, पावडरीचा भाव पडला की लिटरमागे किती रुपये उतरतात आणि चढला की किती चढतात, फॅट कमी लागली तर शेतकऱ्याला तिथंच फेरतपासणी मागता येते का, लाळ्या-खुरकुताची लस वेळेत गोठ्यात पोचते का, आणि सहकारी संघाचं दार शेजारी उघडं आहे का, हे श्रीरामपूर, राहुरी, नेवाशाच्या संकलन केंद्रांवर जाऊन दर हंगामात विचारायला हवं. स्थानिक वर्तमानपत्रं, ग्रामसभा आणि शेतकरी संघटना यांनी ते विचारून छापायला हवं, दरपत्रकासकट.